जांगड वही आणि मोफत चाचणी

सराफी आणि कापडाच्या पेढ्यांवर जांगडाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माल ग्राहकाकडे जातो, जांगड वहीत नोंद होते. पसंत पडला तर विक्री, नाही तर माल परत. १९३० च्या माल विक्री कायद्याचे २४ वे कलम याच व्यवहाराविषयी आहे. ठरलेली मुदत उलटूनही ग्राहकाने नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो विकला गेला असे कायदा मानतो. मौनाची किंमत व्यापारी घराण्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

आश्चर्य हे की, त्याच घरांतील मोबाइलवर '७ दिवस मोफत' असा फलक दिसला की जांगडाचा हा नियम कोणाच्या ध्यानात राहत नाही. चित्रपट, संगीत, मुलांचे शिक्षण, हिशेबाची प्रणाली, सर्वत्र रीत एकच. मोफत मुदत सुरू होण्यापूर्वीच कार्ड किंवा यूपीआयची कायम मंजुरी घेतली जाते. खात्री करण्यासाठी एखाद-दोन रुपये वळते होतात आणि ग्राहकाला वाटते, व्यवहार एवढाच. प्रत्यक्षात त्या क्षणी पुढील प्रत्येक महिन्याच्या वसुलीवर सही झालेली असते. जांगडात माल डोळ्यांसमोर असतो आणि मुनीम विचारायला येतो. येथे दोन्ही नाही.

मंजुरीच्या पडद्यावर एक आकडा विशेष पाहण्याजोगा असतो: कमाल रक्कम. समजा, वर्गणी महिना ३९९ रुपये आहे, पण मंजुरी ५,००० पर्यंतची आहे. मग पुढे दर वाढला तरी त्या मर्यादेत पुन्हा पिन विचारला जाईलच असे नाही. बिलाच्या प्रत्येक ओळीवरून बोट फिरवणारे गृहस्थ हा पडदा मात्र न वाचताच पुढे सरकवतात.

मुनीमाची उणीव काही अंशी रिझर्व्ह बँकेने भरून काढली. १ ऑक्टोबर २०२१ पासून आवर्ती वसुलीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले. वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळालीच पाहिजे, असे त्यांत आहे. ओटीपीशिवाय होणाऱ्या वसुलीची सर्वसाधारण मर्यादा त्या वेळी ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. दुर्दैव एवढेच की, ही सूचना जाहिरातींच्या संदेशांच्या गर्दीत हरवते. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर तर ती बहुधा कोणी उघडतही नाही.

ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली, हा समज फार महागात पडतो. वर्गणी ज्या ठिकाणी घेतली, तेथेच ती रद्द करावी लागते. गूगल प्लेमधून घेतली असेल तर त्याच्या 'सबस्क्रिप्शन्स' विभागात, आयफोनवर सेटिंग्जमध्ये, आणि थेट संकेतस्थळावर घेतली असेल तर तेथील खात्यात. ॲपलच्या बाबतीत मोफत मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी हे करणे आवश्यक आहे. त्यानंतर यूपीआय ॲपमधील ऑटोपेची मंजुरीही तपासून रद्द करावी.

रद्द करण्याची वाट मुद्दाम वाकडी ठेवणे हा आता नुसता अप्रामाणिकपणा राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ डिजिटल युक्त्यांची यादी अधिसूचित केली, आणि वर्गणीचा सापळा तीत समाविष्ट आहे. मोफत मुदतीसाठी पैसे भरण्याचा तपशील किंवा स्वयंचलित वसुलीची मंजुरी सक्तीने घेणे हेही त्याच व्याख्येत बसते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मंजुरीच्या पडद्याचे आणि वसुलीच्या संदेशाचे छायाचित्र जवळ असले, तर तक्रार मांडणे सोपे जाते.