वाटाघाटींच्या टेबलावरचं मन

1968च्या उन्हाळ्यात डॉ. वामिक वोल्कान जन्मभूमीला, सायप्रसला, आपल्या माणसांना भेटायला गेले. तिथले तुर्की रहिवासी गेली काही वर्षं बेटाच्या जेमतेम तीन टक्के भूभागावर कोंडून राहत होते. घरांत, दुकानांत, जिथं पाहावं तिथं छोट्या पोपटांचे पिंजरे! माणसं ते पक्षी जिवापाड जपत होती. पक्षी तगले, त्यांना पिल्लं झाली, की कोंडलेल्यांनाही धीर येई. अख्ख्या समाजाचं दुखणं असं पिंजऱ्यात टांगलेलं या मनोविश्लेषकानं पाहिलं.

पुढे नोव्हेंबर 1977मध्ये इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांनी इस्रायलच्या संसदेत सांगितलं, की आपल्यातल्या प्रश्नाचा 70 टक्के भाग मानसिक भिंतीचा आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं ते मनावर घेतलं आणि काही वर्षं इजिप्शियन, इस्रायली, पॅलेस्टिनी मंडळींना अनौपचारिक बैठकांत समोरासमोर बसवलं. वोल्कान त्यात होते. 1980च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत एक केंद्र उभं केलं. मनोविकारतज्ज्ञ, माजी राजनैतिक अधिकारी, इतिहासकार तिथं एकमेकांचं काम शिकू लागले.

शिकण्याआधी सोडायचंच बरंच होतं. डॉक्टरनं निदानाची सवय सोडायची. राष्ट्र हा रुग्ण नव्हे. या शाळेतला हाच धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. मुत्सद्द्यानं मसुद्याची घाई सोडायची. कारण बैठकीतले दोन गट अकॉर्डियनच्या भात्यासारखे वागतात, असं वोल्कान यांचं निरीक्षण होतं. आज गळ्यात गळे, उद्या एकदम तुटक. जवळ आलो तर आपलं वेगळेपण पुसलं जाईल, ही धास्ती त्यांना दूर ढकलते. जवळिकीच्या क्षणी सही करून घेतली, तर घरी पोचेपर्यंत ती नकोशी होते. भाता पुरेसा हलू द्यावा लागतो.

दुसरा धडा जुन्या जखमेचा. कोसोवोची लढाई 1389ची. तिच्या सहाशेव्या वर्षाच्या निमित्तानं त्या लढाईत मारल्या गेलेल्या सर्ब राजपुत्र लाझारच्या अस्थी सर्बियाच्या गावोगावी फिरवल्या गेल्या आणि सहा शतकांपूर्वीचा पराभव काल घडल्यासारखा झाला. अशा घावाला वोल्कान ‘निवडलेला आघात’ म्हणतात. समोरचा तो उगाळू लागला की त्याला तारखा दुरुस्त करून सांगायच्या नाहीत, ऐकत राहायचं.

व्हर्जिनियातलं हे केंद्र 2005मध्ये बंद झालं. वोल्कान यांनी नंतर ‘इंटरनॅशनल डायलॉग इनिशिएटिव्ह’मध्ये हेच काम पुढे नेलं. उत्तर आयर्लंडच्या शांतताप्रक्रियेत वावरलेले मनोविकारतज्ज्ञ लॉर्ड जॉन ॲल्डरडाइस तिथं त्यांच्या सोबतीला होते.

मात्र या विद्येचा कस लागला तो त्याआधीच, 1990च्या दशकात, एस्टोनियात. सोव्हिएत अंमल संपला होता, रशियन भाषक तिथंच राहिले होते. केंद्राच्या चमूनं एस्टोनियन, तिथले रशियन आणि मॉस्कोकडची माणसं यांच्या वर्षानुवर्षं बैठका घेतल्या. मग काम गावांत उतरलं. क्लूगा हे त्यातलं एक, जुन्या सोव्हिएत लष्करी तळाचं गाव. तिथं दोन्ही भाषांच्या शेजाऱ्यांनी मिळून सर्वांसाठी एक समाजकेंद्र उभारायला घेतलं.