झुंबर स्वीडनचं की घरचं? आधी होल्डर बघा

दिवाळीच्या थोडं आधी निपाणीहून फोन आला. तंबाखूच्या एका जुन्या व्यापाऱ्याचं घर, भावाभावांत वाटणी चाललेली. धाकटे म्हणाले, "सर, माजघरातलं पितळी झुंबर बघायला एक जण आलाय. स्वीडनचं आहे म्हणतोय, १९५०-६० सालचं. किंमतही बरी सांगतोय. तुम्ही एकदा येऊन बघा की." बॅटरी आणि भिंग घेऊन बेळगावहून निघालो.

व्यापारी स्वीडनचं नाव का घेतो, हे आधी समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडमध्ये पितळ आणि काचेचे फार देखणे टांगते दिवे झाले. मार्करीड गावचा हान्स-आग्ने याकॉबसन, ऑरेफॉर्स काचकारखान्याचा कार्ल फागरलुंड ही त्यातली मोठी नावं. जुन्या वस्तूंच्या बाजारात या दिव्यांना आज मागणी आहे. त्यामुळे कुठल्याही पितळी दिव्यावर ती चिठ्ठी चिकटवायचा मोह होतो.

पण दिवा कुठल्या इंधनासाठी जन्मला, हे त्याचं अंगच सांगतं. चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, होल्डर. आपल्याकडे इंग्रजी पद्धतीचा, दोन पिनांचा बल्ब रुळला. तिकडे आट्यांचा, फिरवून बसवायचा. होल्डर बदलता येतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

दुसरी, वायरीची वाट. विजेसाठीच केलेल्या झुंबराच्या फांद्या पोकळ नळीच्या असतात आणि वायर आतून जाते. फांदी भरीव आणि वायर बाहेरून गुंडाळलेली असेल, तर वीज मागाहून आली.

तिसरी, काचेचं तोंड. मेणबत्तीची किंवा राकेलच्या वातीची ज्योत वर जाते, म्हणून वर वाट मोकळी लागते. बल्ब मात्र उलटाही टांगता येतो.

चौथी, टांगायची तऱ्हा. राकेलचा दिवा रोज खाली ओढून भरावा लागे, काच पुसावी लागे. त्यासाठी साखळी, कप्पी आणि वजन. विजेच्या दिव्याला याची गरज नाही.

निपाणीच्या दिव्याला दोन पिनांचा होल्डर होता. होल्डरखालचा पितळी गोळा म्हणजे राकेलची टाकी. तिला वायरीसाठी हातानं पाडलेलं, कडा न घासलेलं भोक. वर कप्पी आणि वजन जागेवर. म्हणजे हा राकेलचा टांगता दिवा, पुढे विजेवर नेलेला. काच मात्र पितळाच्याच वयाची असेल असं नाही. काच फुटते आणि बदलली जाते. कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना १९१६ साली निघाल्यावर तर कंदिलाची काच आपल्याच भागात होऊ लागली.

मी हे सांगितलं आणि व्यापारी चहा न घेताच उठला. धाकटे म्हणाले, "सर, तुम्ही किंमतच घालवलीत ओ." खरंच होतं ते. मुलीच्या फीची जुळवाजुळव त्या पैशांवर होती, हे मला नंतर कळलं. मोडीच्या भावानं पितळाचे किती येणार?

मी त्यांना एकच गोष्ट सांगू शकलो. डेन्मार्कचा पॉल हेनिंगसेन, ज्याचे 'पीएच' दिवे १९२० च्या दशकापासून जगभर गेले, तो राकेलच्या दिव्याच्या उजेडात वाढला होता. उघड्या बल्बची तिरीप डोळ्यांत जाऊ नये, तोच जुना मऊ उजेड विजेतून मिळावा, म्हणून त्यानं एकाखाली एक छत्र्या रचल्या. त्याला जो उजेड परत हवा होता, तो देणारा दिवा तुमच्या माजघरात आहे.

आणि स्वीडनचं पितळ आपल्या घरांत आलंच नाही असंही नाही. ते आलं प्रायमस स्टोव्हच्या रूपानं. त्याकडे झुंबर म्हणून कोण बघणार?

थोरल्या वहिनींनी दिवा सध्या ठेवून घेतलाय. ज्यांच्या घरी असा दिवा असेल त्यांना विनंती: विकायचा असेल तर जरूर विका, पण चिंच लावून घासण्याआधी, होल्डर काढण्याआधी, टाकी, कप्पी आणि छताचा आकडा यांचे फोटो काढा. तो कुठल्या खोलीत होता आणि रोज कोण लावायचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. पितळ वजनावर जातं, ही माहिती मात्र कुठल्याच तराजूत येत नाही.