‘एनी पोर्ट इन अ स्टॉर्म’ म्हणजे नेमकं काय? अर्थ सांगते अफझलगंजची चिंच

हैदराबाद : नांदेड, लातूर, बीदरकडून उपचारासाठी येणाऱ्यांना अफझलगंज ठाऊक असतं ते उस्मानिया रुग्णालयामुळे. याच रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसं गेली, अफझलगंजचं तेव्हाचं रुग्णालयही वाहून गेलं. मात्र या चिंचेच्या फांद्यांवर चढलेले सुमारे 150 जण वाचले.

इंग्रजीत एक म्हण आहे, ‘एनी पोर्ट इन अ स्टॉर्म’. शब्दशः अर्थ, वादळात कोणतंही बंदर चालतं. हैदराबादला समुद्र नाही, पण या म्हणीचा अर्थ समजायला ही चिंच पुरेशी आहे.

म्हण आली कुठून?

ही म्हण शिडाच्या जहाजांच्या काळातली. छापील इंग्रजीत ती अठराव्या शतकाच्या मध्यापासून सापडते. एरवी कप्तान बंदर पारखून घेई. पाणी किती खोल, खडक कुठे, कर किती, राज्य मित्राचं की शत्रूचं, गावात साथ तर नाही ना, हे सगळं पाहिलं जाई. वादळ उठलं की निवड संपली. जे जवळ, ते आपलं.

आज ही म्हण जमिनीवरही वापरतात. शेवटची बस चुकली आणि स्टँडजवळच्या साध्या लॉजवर रात्र काढावी लागली, तर तिथे ती चपखल बसते. मात्र ‘काहीही चालेल’ असा बेफिकीर अर्थ तिचा नाही. आधी संकट हवं, मगच म्हण लागू होते.

मराठीत काय म्हणाल?

‘बुडत्याला काडीचा आधार’ जवळची वाटते, पण काडी कुणाला तारत नाही, बंदर तारतं. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ यात लाचारी आहे. इंग्रजी म्हणीत लाचारी नाही, शहाणपण आहे.

बंदराने नाही म्हटलं तर?

म्हणीची दुसरी बाजू बंदराची. नोव्हेंबर 2002 मध्ये ‘प्रेस्टिज’ हे तेलवाहू जहाज स्पेनच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटलं. त्याला बंदरात घेतलं गेलं नाही, उलट खोल समुद्रात नेलं गेलं. 19 नोव्हेंबरला ते दुभंगून बुडालं. तेल स्पेनसह फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत पोचलं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने संकटातल्या जहाजांना आसरा देण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या.

आपल्याकडचं उदाहरण याच्या उलट आहे. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळात भरकटलेल्या 68 बोटी सिंधुदुर्गात देवगडच्या किनाऱ्याला लागल्या. त्यांत 952 मच्छीमार होते. बहुतेक बोटी केरळच्या, दोन तमिळनाडूच्या. भाषा वेगळी, राज्य वेगळं, तरी आसरा मिळाला.

सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. घरात आजारपण आलं की तो हद्द पाहत नाही, जवळचं मोठं रुग्णालय पाहतो. 1908 मध्ये चिंचेवर चढणाऱ्यालाही वर आधीच बसलेल्याने गाव विचारलं नसेल, हात दिला असेल. म्हण बंदर शोधणाऱ्याची आहे. ती खरी ठरते ती बंदर देणाऱ्यामुळे.