नगरकर निघाले अंदमानला!

आम्ही नगरकर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतली माणसे. पावसाची वाट पाहण्यात आमचा जन्म सरतो. त्या आम्हाला सहकुटुंब अंदमानला जायचे, तर प्रथम पावसालाच चुकवायला हवे, हे ऐकून हसू आले!

बेत दिवाळीच्या सुटीचा होता. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे पाऊस असतो आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे तिथे येऊन ठेपतात. म्हणून शाळकरी मुलांच्या आईबापांनी नाताळ साधावा, हे उत्तम.

चेन्नईहून विमानाला दोन-सव्वादोन तास लागतात. जहाजाला तीनेक दिवस. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. १९११ ते १९२१ सावरकरांनी जिथे काढली, ते सेल्युलर जेल मुलांना आधी दाखवावे. मग राधानगरच्या पुळणीसाठी बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे जुने हॅवलॉक, गाठावे. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. तेव्हा परतीच्या विमानाआधीचा मुक्काम श्री विजयपुरमलाच ठेवावा. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो; डुंबणे त्याआधी उरकावे. प्रवाळाचा तुकडाही पिशवीत घालू नये. तो गुन्हा आहे.

आमच्या मातोश्रींनी सत्तरी ओलांडली, पण समुद्र पाहिलेला नाही. सारा बेत ऐकून त्या म्हणाल्या, “एवढं पाणी, आणि प्यायला एक घोट नाही? मग तिथंही टँकरच म्हण की!”

तिकिटे नाताळची काढली. एक दिवस मात्र मोकळा ठेवला आहे. त्या दिवशी कुठे जायचे नाही. आईने नुसते पाण्याकडे पाहत बसायचे.