सोनिवली ते न्यूयॉर्क : ताणलेला दोरा आणि उडालेली वाट

बदलापूर पश्चिमेच्या सोनिवलीपासून न्यूयॉर्कचे हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर भरते. शाळेच्या भिंतीवरच्या नेहमीच्या आयताकृती नकाशावर दोन्ही ठिकाणांना पट्टी लावली, तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया असे करत अटलांटिकमध्ये उतरते. ही सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात चौदा हजारांच्याही पुढे जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की मात्र तो सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान करत मॉस्कोच्या आसपास पोचतो आणि नॉर्वे, आइसलंडवरून न्यूयॉर्कला टेकतो. सोळाशे-सतराशे किलोमीटर वाचतात, म्हणजे जेट विमानाचे जवळजवळ दोन तास. गोलाचे कागदावर सपाटीकरण करताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून खरी जवळची वाट नकाशावर कमानीसारखी वाकलेली दिसते.

यावर कोणी म्हणेल, की विमाने या दोऱ्यावरून जातात कुठे? आक्षेप रास्त आहे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले आणि दोऱ्याचा सुरुवातीचाच टप्पा तुटला. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झाले होते. २०२२ पासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, त्यामुळे जातानाचे तास परतीपेक्षा जास्त. आणि ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनला निघाले तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेले. तेव्हाची विमाने एवढा पल्ला एका दमात मारणारी नव्हती.

पण म्हणून आकडा फोल ठरत नाही. वळसा किती पडला, हे सांगायला मूळ अंतर माहीत हवेच. जादा इंधन, जादा तास, तिकिटाचा वाढलेला भाव हे सारे त्या दोऱ्यापासून किती दूर जावे लागले यावर बऱ्याच अंशी ठरते. हवाई अंतर हा प्रवासाचा अंदाज नव्हे. ती भूमितीने घालून दिलेली किमान मर्यादा आहे. तिच्यावर जे चढते, ते राजकारण, वारा आणि यंत्राची कुवत यांच्या खात्यावर मांडायचे. (प्रवासी मात्र सगळे एकाच तिकिटात भरतो.)

हाच हिशोब घराजवळही लागू पडतो. सोनिवलीपासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत आहे, तरी बॅगा घेऊन लोकलने किंवा शिळफाट्याच्या गर्दीतून तिथे पोचायला लागणारा वेळ त्या आकड्यात नाही. नवी मुंबईचा नवा विमानतळ तर पंचवीसेक किलोमीटरवर, पण मध्ये मलंगगड-चंदेरी-माथेरानची डोंगररांग आडवी. विमानाला ती काहीच नाही, रिक्षा-टॅक्सीला आहे.