पुलं, पॉलिटिक्स आणि आपला ग्रुप

दरवर्षी १२ जूनला आपण सगळे पुलं फॉरवर्ड करतो आणि १३ जूनला राजकारणावरून पुन्हा एकमेकांवर तुटून पडतो. पण आपल्याला हसवणारा हा माणूस राजकारणावर बोलायचा तेव्हा कसा बोलायचा, हे आठवतंय कुणाला?

पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी पुण्यात गेले. तेव्हापासून ही तारीख मराठी माणसाच्या कॅलेंडरवर कायमची लागली. मोबाइल आले, मग व्हॉट्सअॅप आलं आणि स्मरणाचा फंडाच बदलला. शाळेचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मावस-मामे भावंडांचा ग्रुप... त्या दिवशी सगळीकडे पुलंच पुलं! कुणी 'म्हैस'ची क्लिप टाकतं, कुणी अंतू बर्वा, कुणी चितळे मास्तर. त्यातले दोन-चार विनोद तर पुलंचे नसतातच, पण त्यांच्या नावावर बिनबोभाट खपून जातात. सगळे हसतात. ग्रुपवर एकदम गोडीगुलाबी!

आणि मग येते निवडणूक. किंवा बजेट. किंवा कुठल्या तरी नेत्याचं भाषण. काल चितळे मास्तरांवर एकत्र हसलेले दोघं आज एकमेकांना 'भक्त' आणि 'चमचा' म्हणत असतात. एक जण तडकाफडकी ग्रुप सोडतो, चार जण म्यूट करतात आणि अॅडमिन फतवा काढतो, 'इथे राजकारण नको. फक्त गुड मॉर्निंग आणि पुलं!'

गंमत इथेच आहे. 'राजकारण नको, पुलं चालतील' असं म्हणणाऱ्याला पुलं अर्धेच माहीत असतात.

हसवणारा माणूस प्रचाराला उतरला

२५ जून १९७५ ला देशात आणीबाणी लागली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आला, विरोधी नेते तुरुंगात गेले. त्या काळात पुलं म्हणजे मराठीतला सुपरस्टार. 'बटाट्याची चाळ', 'व्यक्ती आणि वल्ली', 'असा मी असामी' घराघरांत पोचलेली. १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेली, १९७४ च्या इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही झालेलं. गप्प बसले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यांना गमावण्यासारखं मात्र भरपूर होतं.

पण १९७७ च्या निवडणुकीत पुलं जनता पक्षाच्या प्रचारात उतरले. सभांना गर्दी व्हायची ती हसायला, आणि घरी जाताना लोक डोक्यात प्रश्न घेऊन जायचे. जयप्रकाश नारायण यांनी स्थानबद्धतेत लिहिलेली डायरी पुलंनी 'स्वगत' या नावाने मराठीत आणली.

निवडणूक झाली, सत्ता बदलली. पुढे काय? पुलंनी ना खासदारकी मागितली ना मंत्रिपद. ते परत आपल्या लिहिण्याकडे वळले. ज्यांच्या बाजूने बोललो त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, हा त्यांचा हिशेब होता. म्हणूनच पुढे त्यांच्या बोलण्याला वजन राहिलं.

पुरस्कारही घेतला आणि बोललेही

दुसरा प्रसंग १९९६ चा. राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार, मनोहर जोशी मुख्यमंत्री. सरकारने 'महाराष्ट्र भूषण' हा नवा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान पुलंना दिला. पुलंनी तो घेतला, पण त्या निमित्ताने मनातली खंतही मांडली. लोकशाहीपेक्षा ठोकशाही बरी, असं सत्तेतली माणसं म्हणायला लागली की आपल्याला यातना होतात, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

हे झोंबणारच होतं. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीर सभेत पुलंच्या नावावर कोटी करत कडक शब्दांत समाचार घेतला. त्यात एक वेगळाच ट्विस्ट आहे. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये पुलं काही काळ शिक्षक होते आणि बाळासाहेब त्यांचे विद्यार्थी! म्हणजे ही एका अर्थी गुरू-शिष्याचीच खडाजंगी.

आता हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघा. १९७७ मध्ये पुलं काँग्रेसच्या विरोधात बोलले, १९९६ मध्ये युतीच्या. आज ज्याला-त्याला पुलं 'आपले' वाटतात, कारण जो-तो आपल्या सोयीचा अर्धा भाग लक्षात ठेवतो. पूर्ण पुलं कुठल्याच पक्षाच्या खिशात मावत नाहीत. आणि त्यांची टीका नीट बघितली, तर ती माणसाच्या जातीवर, चेहऱ्यावर किंवा खानदानावर नाही. आणीबाणी हा निर्णय होता, ठोकशाही हा विचार. त्यांनी हल्ला केला तो त्यावर. तोही समोर, माइकवर, स्वतःच्या नावानिशी.

सभ्यपणा म्हणजे मऊपणा नव्हे, हे इतकं सोपं आहे. पण कीबोर्ड हातात आला की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, गप्प बसणं नाही तर शिवी हासडणं!

काकाजी बरोबर की आचार्य?

पुलंचं १९५७ मधलं नाटक 'तुझे आहे तुजपाशी' बघितलं नसेल तर या वीकेण्डला मिळवून बघाच. इंदूरचे रसिक, खुशालचेंडू काकाजी एका बाजूला आणि कडक व्रतस्थ आचार्य दुसऱ्या बाजूला. पूर्ण नाटकभर मतभेदच मतभेद. नाटकाचा कल काकाजींकडे आहे हे उघड आहे. पण आचार्य व्हिलन नाहीत. त्यांचं एकटेपण कळतं तेव्हा मघाशी त्यांना हसणारं थिएटर गप्प होतं. त्याग आणि साधेपणाचा अतिरेक करणाऱ्यांची टर उडवणाऱ्या याच लेखकाने गांधीजींचं चरित्रही लिहिलंय, हे विसरू नका. हसणं वेगळं, हिणवणं वेगळं.

घरातली विरोधी पक्षनेती

मतभेदाचं खरं ट्रेनिंग पुलंना बहुधा घरीच मिळालं असावं. १२ जून १९४६ ला त्यांचं सुनीताबाईंशी नोंदणी पद्धतीने लग्न झालं. (हो, तारीख तीच!) सुनीताबाई स्वातंत्र्य चळवळीत काम केलेल्या, कडक शिस्तीच्या, आणि स्वतःची मतं असलेल्या. १९९० मध्ये त्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. सगळ्यांच्या लाडक्या 'भाईं'ची बेफिकिरी, त्यांच्यातलं न वाढलेलं लहान मूल, संसारातले रुसवे... बाईंनी सगळं मोकळेपणाने लिहून टाकलं. पुलं हयात असताना! कित्येक चाहते चिडले. पण तो संसार मात्र पुलंच्या शेवटापर्यंत टिकला. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं चुकतंय असं छापून सांगता येतं, आणि तरी संध्याकाळचा चहा एकत्र घेता येतो, हे या दोघांनी दाखवलं.

मत आणि माणूस

मग आपल्याच ग्रुपवर एवढं का बिघडतं?

एक उत्तर 'व्यक्ती आणि वल्ली'तच सापडतं. अंतू बर्व्याची जीभ काय कमी तिरकस आहे? तो गांधी-नेहरूंनाही सोडत नाही. पुलं त्याच्याशी वाद घालत बसत नाहीत, ऐकतात. आणि हळूहळू त्या खवचटपणामागचं दारिद्र्य, एकटेपण आपल्याला दिसायला लागतं. शेवटी आपल्याला अंतूची मतं पटलेली नसतात, पण अंतू आपला झालेला असतो.

ऑनलाइन नेमकं उलटं होतं. तिथे माणूस दिसतच नाही, फक्त त्याचं मत दिसतं. तुमच्या परीक्षेच्या वेळी स्कूटरवरून सेंटरपर्यंत सोडायला आलेले काका ग्रुपवर येतात ते फक्त एक फॉरवर्ड होऊन. त्या फॉरवर्डचा राग येतो आणि आपण रिप्लाय मारतो तो थेट काकांना! परत चाळीस जण बघतायत म्हटल्यावर माघार घ्यायची सोय नाही. काकांनाही नाही, तुम्हालाही नाही.

पुणेकर होण्यासाठी काय लागतं, ते पुलंनी 'मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर'मध्ये सांगून ठेवलंय. थोडक्यात काय, तर विषयाशी आपला संबंध असो-नसो, मत मात्र जाज्वल्य हवं. तेव्हा हा पुणेकरांना मारलेला टोमणा होता. आज डेटा पॅक असलेला प्रत्येक जण पुणेकर झालाय, एवढाच काय तो फरक!

म्हणून राजकारणावर बोलायचंच नाही का? तसं केलं तर शांतता मिळेल, पण ज्याचं पटत नाही त्याच्याशी बोलायची सवयच मोडेल. मग आपल्यासारखाच विचार करणाऱ्यांचे छोटे-छोटे ग्रुप उरतील, आणि तिथे सगळेच नेहमी बरोबर असतील. बोअर ना? आणि धोकादायकसुद्धा.

भांडायचंय? जरूर भांडा. पण...

● टीका निर्णयावर करा. 'तू असाच' ऐवजी 'हा निर्णय मला पटत नाही, कारण...' असं वाक्य टाइप करून बघा. ते 'कारण' सुचलं नाही तर सेंड दाबू नका.

● फॉरवर्डला उत्तर ग्रुपवर द्या, माणसाला फोनवर. खोटी माहिती असेल तर दुरुस्ती सगळ्यांसमोर हवी. काकांची समजूत मात्र एकट्यात.

● आपल्या बाजूचंही चुकलं की बोला. दोन्हीकडे बोलणाऱ्याचं लोक ऐकतात.

● विनोद करा, पण पहिला स्वतःवर. पुलंनी मध्यमवर्गाची टर उडवली ती त्यातलाच एक होऊन.

● धमकी आणि घाणेरड्या शिव्या हा मतभेद नसतो. तिथे सभ्यपणा सिद्ध करत बसू नका, सरळ बाहेर पडा.

● आणि ग्रुप सोडून गेलेल्या त्या एका मित्राला आज फोन लावा. 'तुझं अजूनही पटत नाही, पण शनिवारी चहाला भेटू' एवढं म्हटलं तरी पुरे. बिल कुणी द्यायचं यावर भांडायला काहीच हरकत नाही!