कोरा रकाना आणि शून्य

पेढीवर आलेल्या चिठ्ठीत हमालीचा उल्लेख नसेल, तर मुनीम नेहमीचा दर लावतो. पण "हमाली शून्य" असे लिहिलेले असेल, तर तो एक पैसाही लावीत नाही. कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे, हे आपल्या मुनिमास सांगावे लागत नाही. संगणकास मात्र सांगावे लागते.

आमच्या तिगावच्या पेढीकडे आता काही मागण्या इंटरनेटवरून येतात. मागणीबरोबर येणाऱ्या प्रत्येक बाबीस पॅरामीटर म्हणतात. धान्य व वजन या बाबी आवश्यक होत. त्या नसल्यास कारण सांगून मागणी परत करावी. हमाली ही ऐच्छिक बाब. ती नसल्यास ठरीव दर घ्यावा.

गेल्या हंगामात एक लहान दुकानदार स्वतःची माणसे आणून पोती भरून नेत असे. त्याने हमाली 0 लिहूनही तीन बिलांत ती लागली, आणि तो काही न बोलता दुसऱ्या पेढीवर जाऊ लागला. दोष आमच्याच प्रोग्रामचा होता. जावास्क्रिप्ट भाषेत दोन उभ्या रेघांचे "अथवा" हे चिन्ह 0 या अंकालाही "काही नाही" असे मानून ठरीव दर उचलते. या भाषेच्या 2020 च्या आवृत्तीत दोन प्रश्नचिन्हांचे चिन्ह आले. ते 0 जसाच्या तसा राखते आणि मूल्य मुळीच नसेल तरच ठरीव दर घेते.

एवढ्याने काम भागत नाही. फॉर्ममधून आलेला आकडाही प्रथम अक्षररूपच असतो, आणि कोऱ्या मजकुराचे या भाषेत अंकात रूपांतर केले की त्याचा 0 होतो! मग सर्वांचीच हमाली माफ. म्हणून कोरेपणा आधी तपासावा, रूपांतर मागाहून करावे.

ई-वे बिलात नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाच्या जागी "यूआरपी" लिहितात, हे आपण जाणताच. "नाही" हेही तेथे स्पष्ट लिहिले जाते. पद्धत अनुकरणीय आहे.

त्या दुकानदारास आम्ही तिन्ही बिलांची हमाली घरी जाऊन परत केली. आता प्रोग्राममध्ये बदल झाला की प्रथम चार मागण्या घालून पाहतो: हमालीचा उल्लेखच नसलेली, रकाना कोरा असलेली, 0 लिहिलेली आणि आकड्याऐवजी भलतीच अक्षरे असलेली. पहिल्या दोहोंस ठरीव दर लागावा, तिसरीस काही लागू नये, चौथी परत जावी. चारही उत्तरे बरोबर आल्यावाचून बिल छापावयाचे नाही, असा पेढीचा नियम आम्ही केला आहे.